बूगँव्हीलची भावकी

कोल्हापुरात अनोळखी माणसापुढे पाण्याचा तांब्या करता करता दोन प्रश्न विचारले जातात: गाव कुठलं आणि आडनाव काय. उत्तरे मिळाली की विचारणारा थोडा वेळ गप्प होतो. त्या शांततेत तो मनातल्या मनात एक मोठा तक्ता उलगडून समोरच्याचा चौकोन शोधत असतो. चौकोन सापडला की चेहरा सैल पडतो आणि मगच चहाचे नाव निघते.

वनस्पतिशास्त्रात आम्ही याहून फार निराळे काही करत नाही. कुळ विचारतो, मूळ प्रदेश विचारतो, नाते ठरवतो. तेव्हा या पद्धतीविषयी मला खरे तर आपुलकीच वाटायला हवी होती. अडचण एवढीच, की वनस्पतीला खोली भाड्याने लागत नाही.

मला लागत होती. कबनूरहून एसटीने रोज ये-जा करून प्रबंध पुरा होण्यासारखा नव्हता. माझ्या रोपांची पर्णरंध्रे पहाटे उघडत, त्यांच्या नोंदी तेव्हाच घ्याव्या लागत, आणि पहिली गाडी कोल्हापुरात पोहोचेपर्यंत सूर्य चांगला वर आलेला असे. म्हणून गच्ची असलेली खोली शोधत मी हिंडत होते. माझे आडनाव हिंदूंतही आहे आणि मुसलमानांतही. त्यामुळे ते ऐकून तक्ता उलगडणारी माणसे जराशी अडखळत आणि मग हळूच पूर्ण नाव विचारत. पूर्ण नाव ऐकले, की ती खोली नेमकी त्याच सकाळी कुणा भाच्याला दिलेली निघे. कोल्हापुरात इतके भाचे असतील अशी मला कल्पना नव्हती.

अशा बऱ्याच भाच्यांनंतर मी एका फाटकाशी पोहोचले. फाटकावर राणी रंगाची बोगनवेल कोसळली होती आणि स्टुलावर उभे राहून एक उंच, किडकिडीत गृहस्थ तिला काथ्याने कमानीला बांधत होते.

"पावणं, जरा त्या फांदीचं टोक धरा. काटा बगून."

मी टोक धरले. त्यांनी गाठ मारली आणि माझ्याकडे न पाहता विचारले, "आता सांगा, ही कुणाच्यातली?"

"बोगनवेल."

"ते झालं आडनाव. गाव?"

"ब्राझील."

"आन भावकी?"

हा प्रश्न मला परीक्षेतही कुणी इतक्या थेटपणे विचारला नव्हता. "गुलबक्षी," मी म्हणाले. "दोघींचं कुळ एकच."

स्टूल हलले. "गुलबक्षी? आमच्या न्हाणीमागची?"

"तीच."

"अगं एऽ, ऐकलंस काय?" ते घराकडे वळून ओरडले. "ही आन न्हाणीमागची गुलबक्षी भाऊबंद हायती! इतकी वर्सं एकमेकींकडं पाठ करून उभ्या!"

"मग आता त्यांच्यात वाटण्या घालून देताय व्हय?" आतून आवाज आला. "आधी खाली उतरा."

ते उतरले. मी वरच्या खोलीचे विचारले. खोली होती, गच्ची होती, दुपारी नळाला पाणी नसे. माझी मुलाखत एवढ्यावर संपली. माझे गाव, आडनाव, नाव, यांपैकी त्यांनी काहीच विचारले नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या पत्नीशी, म्हणजे काकूंशी, नळाजवळ माझे थोडे बोलणे झाले. त्याकडे मी नंतर येते.

या गृहस्थांना सगळे सर म्हणत. शिरोळकडच्या एका शाळेत त्यांनी सारी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली होती. ते स्वतः सर्वांना पावणं म्हणत. दूधवाला पावणं, वायरमन पावणं, समोरच्या घरातल्या आक्काही पावणं, ज्यांच्याशी त्यांची निम्म्या आयुष्याची ओळख होती. काकूंचे म्हणणे असे, की मुलगी बघायला आले तेव्हाही त्यांनी तिचे नाव विचारले नाही. चहा आला त्या कपबशीवर निळे फूल होते. हे फूल कुठल्या देशातले, एवढे मात्र विचारले. "मी म्हटलं, मला काय म्हाईत? तर म्हणालं, म्हाईत न्हाय म्हणणारी माणसं मला आवडत्यात. झालं लगीन."

माणसांना न विचारलेले ते दोन प्रश्न सर वस्तूंना विचारत. टोमॅटोचे गाव कुठले, सायकलच्या पंपाचे आडनाव काय, भिंतीवरच्या घड्याळाची भावकी कुठे कुठे पसरली आहे. मी सूक्ष्मदर्शक घरी आणला तेव्हा त्यांनी त्याला खुर्ची दिली. मला नाही, त्याला. उत्तर मिळेपर्यंत ते वस्तूला अहोजाहो करत आणि उत्तर मिळाले की एकेरीवर येत. कोल्हापुरी रीत बरोबर हीच आहे. फक्त ती त्यांनी माणसांवरून काढून निर्जीवांवर नेली होती. हे विक्षिप्तपणाने होते की विचाराने, ते मला समजत नव्हते, आणि जे समजत नाही ते तसेच सोडून देण्याची मला सवय नाही.

त्यांचे सर्वांत लाडके घराणे फाटकावरच्या वेलीचे. बूगँव्हील हे मुळात एका फ्रेंच दर्यावर्द्याचे आडनाव. त्याने जहाजातून पृथ्वीला वळसा घातला आणि वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यावर ही वेल त्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लागली, तिला कप्तानाचे नाव मिळाले. एवढे कुणालाही सापडेल. सरांचे कुतूहल इथून पुढे सुरू होई. या आडनावाचे एक गाव उत्तर फ्रान्समध्ये आहे. एक बेट प्रशांत महासागरात आहे, पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेला. त्या बेटाला लागून सामुद्रधुनी आहे. फ्रेंच आरमारात या नावाची जहाजे झाली. आणि समुद्रात नखाएवढी पारदर्शक जेलीफिश आहे, तिच्या प्रजातीलाही हेच नाव. गाव, बेट, सामुद्रधुनी, जहाज, जेलीफिश आणि वेल: रक्ताचे नाते कुणाचे कुणाशी नाही, आणि तरी सगळे एका आडनावाचे.

"आन ह्यांच्यात बांधावरनं एक भांडण न्हाय," सर म्हणत. "हाय का अशी दुसरी भावकी आपल्या जिल्ह्यात?"

मी त्यांना एकदा भिंगातून दाखवले, की आपण ज्यांना फुले म्हणतो ती राणी रंगाची पाने आहेत, छद. खरे फूल आत असते, पांढरे आणि इवलेसे. सर कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून होते. मग उठून समोरच्या आक्कांच्या दाराशी गेले. "पावणं, आपण इतकी वर्सं पानांचं कौतुक करत आलो."

"मग काय बिघडलं?" आक्का तांदूळ निवडत म्हणाल्या. "माझ्या दारात रोज सुपभर पडत्यात. पानं असू द्यात न्हायतर फुलं, झाडायचं मलाच हाय."

आक्का म्हणजे गल्लीचे मत. त्या बोलत ते सगळ्यांना आधीच वाटत असे, किंवा दुसऱ्या दिवशीपासून वाटू लागे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला आडनाव विचारले होते, मी सांगितले होते. त्या आडनावाची काही हिंदू मंडळी त्यांच्या माहेरी होती, म्हणून तक्त्यातला चौकोन त्यांना ताबडतोब सापडला. पुढचे त्यांनी विचारले नाही.

सरांनी माणसांना विचारणे कधी सोडले, ते मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे कळले. एका दुपारी उसाची रिकामी ट्रॉली घेऊन जाणारा ट्रॅक्टर फाटकाशी थांबला आणि वरून एक धिप्पाड, मिशाळ माणूस गर्जला, "सर, झांझिबार हजर!"

"अरे, झांझिबार! या, या. लवंगा कशा हायती?"

"लवंगा कुठल्या सर, ऊसच हाय. औंदा पाणी शिरलंतं, निम्मा गेला."

सर शाळेत हजेरी नावाने घेत नसत. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकेक बेट, आखात किंवा भूशिर देत आणि वर्षभर त्याच नावाने हाक मारत. मुलाने आपल्या जागेची माहिती आणायची, ती जागा म्हणून उभे राहायचे, ती जागा म्हणून मार खायचा. झांझिबारने चहा पिताना मला सांगितले, की पूर्वी पुऱ्या नावाने हजेरी झाली की मुले आपोआप आपापल्यातल्यांच्या बाकावर जाऊन बसत. "सरांनी आमची नावंच काढून घेतली बगा. माझ्याशेजारी आईसलँड बसायचं. ते कुणाच्यातलं हुतं, ते मला दहावीला कळलं."

तो गेल्यावर मी सरांना विचारले, "आणि मधल्या सुट्टीत?"

"मधल्या सुट्टीत काय?"

"मधल्या सुट्टीत आईसलँड आणि झांझिबार एकत्र डबा खायचे का?"

सरांनी काथ्याचा गुंडा हातात फिरवला. "न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मधल्या सुट्टीत ती परत आपापल्या आडनावात जायची."

हे उत्तर मला फार आवडले, कारण ते प्रयोगातला दोष मान्य करणारे होते. पण दोष मान्य केला म्हणून त्यांनी प्रयोग थांबवला नाही. तो त्यांनी जेवणाच्या पंगतीत आणला.

आमच्या जिल्ह्यात गावोगावी म्हाई होते. बकरे पडते, भावकी एकत्र जेवते, पैपाहुणे येतात. सर दरवर्षी फाल्गुनात, वेलीवर हिरव्यापेक्षा राणी रंग जास्त झाला की, बूगँव्हील घराण्याची म्हाई घालत. अंगणात पत्रावळी मांडल्या जात आणि प्रत्येक पान घराण्यातल्या एकेकाचे असे. ज्याला जे पान मिळेल, त्याने जेवण संपेपर्यंत ते व्हायचे. एरवीचे नाव फाटकाबाहेर.

"गेल्या साली मला जेलीफिश केलंतं," आक्का येतानाच म्हणाल्या. "औंदा मी तिथं बसणार न्हाय. औंदा मला जहाज."

त्यांना जहाज मिळाले. झांझिबार शिरोळहून आला होता, त्याला सामुद्रधुनीचे पान मिळाले, म्हणजे दोघांच्या मधली चिंचोळी जागा. तो तिच्यात तिरका बसला. शेवटच्या एका पानापाशी सर उभे राहिले. ते पान माझ्यामुळे वाढले होते. मी त्यांना सांगितले होते, की त्या सफरीवर शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक बाई होती. जहाजावर बायकांना मज्जाव, म्हणून पुरुषाच्या वेशात चढलेली. आणि काहींच्या मते वेलीची पहिली फांदी तिनेच तोडून आणली.

"हिचं आडनाव बूगँव्हील न्हाय," सर म्हणाले. "पण हिच्याबिगार वेल जहाजावर चढली नसती. हिला भावकीत पान मांडायचं का न्हाय, ते सांगा."

"मांडायचं," काकू पळी हातात घेऊन म्हणाल्या. "फांदी जिनं आणली ती उपाशी ऱ्हाणार व्हय?"

त्या पानावर मी बसले. आणि तेवढ्यात फाटकात अब्बा दिसले.

अब्बा कबनूरला यंत्रमागावर आहेत. ते येणार हे मला ठाऊक नव्हते. शुक्रवारची नमाज आटोपून, माझ्यासाठी मागावरच्या दोन चादरी पिशवीत घालून ते तसेच एसटीत बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी तशीच होती. अंगणात पंगत पाहून ते मागे सरले.

"या, पावणं!" सर ओरडले. "बेट मोकळं हाय."

"कसलं बेट?"

"प्रशांत महासागरातलं. बसा."

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ते बेटावर बसले. समोर पांढरा रस्सा आला, तांबडा रस्सा आला, मटण आले, आणि त्यांचा हात पत्रावळीच्या कडेशी थांबला. काकू वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बिनघोर जेवा. मुलाण्यानं कापलेलं हाय, हलाल. मी सोता सांगून आणलंय."

अब्बा पुटपुटले, "बिस्मिल्ला," आणि त्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला.

पुटपुटणे हळूच होते, पण जहाज बेटाच्या समोरच होते. आक्कांचा घास मध्येच थांबला. त्यांनी टोपी पाहिली, मग मला पाहिले, मग पुन्हा टोपी पाहिली. त्यांच्या मनातला चौकोन पुसला जाताना मला स्पष्ट दिसला. झांझिबारने मोठ्याने तांबडा मागितला आणि पंगत पुढे सरकली, पण पान संपवून आक्का लवकर उठल्या.

काकूंना माझे नाव पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्या नळाजवळच्या बोलण्यात त्यांनी ते सरळ विचारले होते. "पोरी, नाव काय तुझं? पुरं सांग." मी सांगितले. त्या घागर भरून होईपर्यंत थांबल्या. "बरं. मटणाचं मी बगतो. ह्यांना मात्र आपणहून सांगू नको. त्यांचं एक खूळ हाय." म्हाईनंतर भांडी घासताना मी त्यांना कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकानं इचारायचंच न्हाय म्हटलं, की दुसऱ्याला इचारावं लागतंय. न्हायतर कुणाच्या ताटात काय वाढायचं, ते कळणार कसं?"

या वाक्यावर मी बराच विचार केला. सरांचे न विचारणे हे एक तत्त्व होते; पण ते उभे होते काकूंच्या विचारण्यावर. त्या घरात माझ्या नावाची दखल घेऊन कुणी काही केले असेल, तर ते विचारणाऱ्या व्यक्तीने केले होते.

आठवड्याभरात आक्का आणि गल्लीतल्या आणखी दोघीजणी सरांच्या कट्ट्यावर येऊन बसल्या. मी वर गच्चीवर होते. माझी सगळी रोपे त्या गच्चीवर होती, कुंड्यांच्या रांगांत, एकाच उन्हात आणि एकाच वाऱ्यात वाढवलेली. नोंदींचे शेवटचे काही आठवडे उरले होते. खोली गेली असती तर कुंड्या हलल्या असत्या, कुंड्या हलल्या असत्या तर वर्ष गेले असते, आणि नव्या गच्चीसाठी पुन्हा भाच्यांची रांग सुरू झाली असती. मी कठड्याशी आले आणि ऐकत राहिले.

"सर, आमचं काय म्हणणं न्हाय," आक्का म्हणाल्या, म्हणजे म्हणणे होते. "पोरगी गुणाची हाय. पण गल्लीत कोण ऱ्हातंय, ते गल्लीला कळाय नको?"

"मला तिचं आडनाव म्हाईत न्हाय," सर म्हणाले.

"मग मी सांगतो की."

"मी इचारलेलं न्हाय, पावणं." सर उठले, नळी उचलली आणि वेलीला पाणी घालू लागले. त्या वेलीला फाल्गुनात पाणी लागत नाही, हे त्यांना मीच सांगितले होते. आक्का बोलत राहिल्या, सर पाठ करून पाणी घालत राहिले. मधल्या सुट्टीत पोरे आपापल्या आडनावात परत गेल्यावरही बेटांच्या नावाने हजेरी घेत राहणारे मास्तर मला तिथे दिसले.

मी खाली आले. "सर," मी म्हणाले, "मला विचारा."

"काय इचारू?"

"तुम्ही त्या वेलीला विचारलंत ते. मला न विचारता ठेवून घेतलंत, त्याचे उपकार आहेत. पण तुम्हाला माहीत नाही म्हणून मी इथं राहत असेन, तर कळेल त्या दिवशी मी इथली उरणार नाही. विचारून ठेवा. नाहीतर विचारून काढा."

नळीचे पाणी त्यांच्या पायावर पडत होते. घरातून काकू उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. सरांनी नळी खाली ठेवली, नळ बंद केला, कट्ट्यावर आक्कांच्या शेजारी येऊन बसले आणि धोतराला हात पुसले. मग कोल्हापुरातला कुठलाही म्हातारा विचारतो तसे, अगदी त्याच सुरात, त्यांनी विचारले, "पावणं, गाव कुठलं?"

"कबनूर."

"आडनाव?"

"तांबोळी."

"कुणाच्यातल्या?"

"मुसलमानांतल्या."

ते गप्प बसले. ही तीच शांतता होती, तक्ता उलगडण्याची. मी तिच्यात इतक्या घरी उभी राहिले होते, की तिची लांबी मला पाठ होती. पण या वेळी ती संपली तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर वेगळेच काही होते. गुलबक्षी ऐकून स्टूल हलले होते, तेव्हाचे.

"तांबोळी," ते म्हणाले. "म्हंजे पानाचे. तांबूल. म्हंजे तुमचीबी वेलच की! नागवेल!"

"आमच्या घरात पान आता कुणी विकत नाही. आम्ही कापड विणतो."

"ते ऱ्हाऊ द्या. बूगँव्हीलच्या गावात तरी आता कोण बूगँव्हील असंल? तांबोळ्यांची गावं कुठं कुठं? गल्ल्या? मळे?"

"आमच्या म्हायेरात तांबोळी हायती की," आक्कांच्या तोंडून निघून गेले. "हिंदूतले. सणाला घरोघर पान द्यायचे. नदीकडंला तांबोळ्याचा मळा म्हणून जागाबी हाय. पानाचा वेल कधीच गेला, आता ऊस हाय, पण नाव तेच."

"म्हंजे मळा झाला!" सरांनी मांडीवर थाप मारली. "पुढं?"

"पुढं काय, तांबोळ्याची हीर हाय. आमी त्या हिरीत पवाय शिकलो."

"हीर!"

दुसऱ्या बाईला जयसिंगपूरची एक तांबोळी गल्ली आठवली. तिसरीने सांगितले, की तिच्या सासरी पानाच्या डब्यालाच तांबोळी म्हणतात. ते खरे की खोटे यावर पहिल्या दोघींचे तिच्याशी वाजले. सर प्रत्येकीला पुढचे विचारत होते. काकूंनी चहा आणला. आक्का आपल्या माहेरच्या विहिरीच्या पायऱ्या हाताने दाखवत होत्या. मी अजून उभीच होते. काकूंनी माझ्या हातात कप दिला आणि मला डोळ्यांनी बसायला सांगितले.

उठताना आक्कांना आठवले. "पण आमचं म्हणणं ऱ्हायलंच की, सर."

"बोला की."

"मुलाण्याबिगार आमच्यातबी बकरं पडत न्हाय, ते निराळं," आक्का म्हणाल्या. "भाडेकरू ठेवणं निराळं."

"निराळंच," सर म्हणाले. "पण मी आता इचारून ठेवलीया."

हे सगळे इतक्यावर मिटले असे मी लिहिणार नाही. ते निरीक्षणाला धरून होणार नाही. त्या दोघींपैकी एकीने माझ्याशी बोलणे सोडले ते कायमचे. आक्का बोलत, पण माझे नाव टाळून. सरांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, तेव्हा सर दारात उभे राहून, सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "व्हय, म्हाईत हाय की. तांबोळी. कबनूरच्या." पलीकडून बराच वेळ बोलणे झाले. त्यानंतर पाडव्याला मुलगा आला नाही. तोवर मी समजत होते, की सरांच्या न विचारण्यामुळे माझे रक्षण होते. ते दोघांचेही होत होते. आणि त्यातले स्वतःचे रक्षण त्यांनी त्या दिवशी कट्ट्यावर सोडून दिले. माझ्या नोंदी मात्र पूर्ण झाल्या. एकही कुंडी जागची हलली नाही.

पुढच्या फाल्गुनात मी दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत होते. सरांचा निरोप आला: म्हाईला या, अब्बांना घेऊन या. फाटकाशी पोहोचले तर बोगनवेलीच्या बुंध्यापाशी, सावलीच्या बाजूला, बांबूच्या काठीवर नागवेलीचा एक कोवळा वेल चढत होता. दोघींचे कुळ निराळे, पाण्याची गरज निराळी. एकीला दिले तर दुसरीला जास्त होणार. मी तसे म्हणताच सर म्हणाले, "म्हाईत हाय. मधी फरशी उभी पुरलीया. भावकीत बांध लागतोच."

त्या वर्षीची म्हाई तांबोळ्यांची होती. अंगणात पाने मांडली होती: कबनूरचे घर, नदीकडचा मळा, विहीर, जयसिंगपूरची गल्ली, आणि वाद मिटला नसतानाही पानाचा डबा. अब्बांना मळ्यावर बसवले. झांझिबारला डबा मिळाला. विहिरीवर आक्का बसल्या. दुसरे पान त्यांनी घेतलेच नसते. बूगँव्हीलची मंडळी त्या दिवशी पाहुणी होती, त्यांची पाने कडेला.

जेवण झाल्यावर सरांनी तबक माझ्यापुढे केले. पाने, चुना, कात, सुपारी. तांबोळ्यांच्या म्हाईत विडा तांबोळ्यानेच द्यायचा, हे उघड होते. उघड नव्हते ते एवढेच, की मला विडा करता येत नाही. अब्बांनाही येत नाही. मी माझ्या शिक्षणाच्या बळावर पानाची शीर खुडली, चुना लावला, घडी घातली. घडी उलगडली. पुन्हा घातली, लवंग टोचली आणि विडा पहिल्यांदा विहिरीकडे नेला.

आक्कांनी तो हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला. सर शेजारीच चुन्याची डबी उजेडात धरून तिला गाव विचारत होते.

"तांबोळी म्हणं!" आक्का म्हणाल्या. "आन विडा बांधाय येत न्हाय."

त्यांनी लवंग काढली, पान मांडीवर उलगडले, चुना बोटाने नीट पसरला, घडी मोडून पुन्हा घातली, लवंग टोचली आणि विडा गालात सारला.

"बस हितं, तांबोळी," त्या म्हणाल्या. "दाखवतो."